डिस्कची विभागणी आणि न सुरू होणारा संगणक

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. विलीन झालेल्या आसपासच्या संस्थानांचा मुलूख दक्षिण साताऱ्यास जोडण्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. या साऱ्या घडामोडीत वाळव्याची अथवा तासगावची जमीन तसूभरही हलली नाही. बदलले ते दप्तर. कोणते गाव कोणत्या जिल्ह्याचे, त्याची हद्द कोठून कोठवर, याच्या नोंदी तेवढ्या नव्याने झाल्या.

संगणकातील डिस्कची विभागणी ही अशीच दप्तराची बाब आहे. ज्यास आपण सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह म्हणतो ते डिस्कचे निरनिराळे तुकडे नव्हेत. डिस्क एकच असते. तिच्या आरंभी एक लहानसा तक्ता असतो आणि त्यात पहिला विभाग कोठून कोठवर, दुसरा कोठून कोठवर, एवढेच लिहिलेले असते. हा तक्ता बिघडला, किंवा तो वाचण्याची रीत यंत्राने बदलली, म्हणजे संगणक सुरू होईनासा होतो. आतील माहिती मात्र बहुतेक प्रसंगी जागच्या जागी शाबूत असते.

ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे नुकसान होते. कार्यप्रणाली नव्याने बसविताना यंत्र अडले, पडद्यावर एखादा इंग्रजी संदेश उमटला, की दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ सारे विभाग पुसून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. यास बोलीत 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. अर्ध्या तासात संगणक सुरू होतो, बिल दिले जाते, आणि आठवड्याने कोणी दाखला मागावयास आला म्हणजे करआकारणीची यादी, मासिक सभांची इतिवृत्ते, शाळेच्या निकालपत्रकांच्या फाइली डी ड्राइव्हबरोबर गेल्याचे ध्यानात येते. राज्य वा केंद्र शासनाच्या संकेतस्थळांवर भरलेली माहिती तेथे सुरक्षित असते, हे खरे. तथापि ग्रामपंचायतीने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेल्या याद्या, पत्रव्यवहार आणि जुनी नमुनापत्रके बहुधा त्या एकाच यंत्रात असतात.

प्रश्न आजच का?

या भागाला संगणक नवा नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे घेतली होती आणि त्यांत वाळवा व शिराळा तालुक्यांतील गावांचाही समावेश होता. ऊस उत्पादकांना वजन, तोड व देयके यांची माहिती गावातच मिळावी, हा त्यामागील एक हेतू. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांवर हेच काम करून पाहिले. संगणकांच्या देखभालीचा खर्च व कटकट हे त्या प्रयोगामागील एक कारण होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. यंत्र पुरविणे सोपे आणि ते चालते ठेवणे अवघड, याची जाणीव या परिसराला तेव्हापासून आहे. २००१ पासून एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाने हजारो शिक्षक व कर्मचारी संगणक वापरण्यास शिकले. २०११ च्या 'संग्राम' योजनेने आणि २०१६ पासूनच्या आपले सरकार सेवा केंद्रांनी ग्रामपंचायतीत संगणक नित्याचा केला. वापरणे सर्वांना आले. यंत्र अडले तर काय पाहावे, हे शिकविणे मात्र राहून गेले.

आता तो प्रसंग एकाच वेळी अनेक कार्यालयांवर आला आहे. विंडोज ७ ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली होती. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी यूईएफआय पद्धतीने सुरू होणारे यंत्र, टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण लागते. शिवाय सुमारे २०१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. म्हणजे काही यंत्रांवर विंडोज ११ चढवावी लागेल, काहींवर लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली बसविता येईल आणि काही निर्लेखित होतील. पहिल्या दोन्ही मार्गांवर विभागणीचा प्रश्न उभा राहतोच.

दोन पद्धती, दोन तक्ते

संगणकाची कळ दाबली की प्रथम मुख्य पटलावर कायमचा वसलेला एक कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. नव्या यंत्रांत यूईएफआय असते. तो स्मृती, कळफलक व डिस्क आहेत की नाहीत हे तपासतो आणि ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका साधनाकडे जाऊन, 'येथे कार्यप्रणाली सुरू करणारा कार्यक्रम आहे काय?' असे पाहतो. त्या कार्यक्रमास बूटलोडर म्हणतात. बूटलोडर कार्यप्रणालीस जागे करतो आणि तेथून पुढे आपल्या ओळखीचा पडदा दिसू लागतो.

बायोसची पद्धत साधी होती. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सारा कारभार. त्यांपैकी ४४६ बाइट बूटलोडरच्या पहिल्या पावलासाठी, ६४ बाइट विभागणीच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी. एका विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागत असल्यामुळे या तक्त्यात चारच विभाग मावतात. अधिक हवे असल्यास चारांपैकी एकास 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात आणखी विभाग काढावे लागतात. गट क्रमांकाच्या पोटी हिस्से पडावेत तसे. शिवाय ही पद्धत सुमारे २ टीबीपलीकडची जागा मोजू शकत नाही. या तक्त्यास एम.बी.आर. असे नाव आहे.

यूईएफआयबरोबर जी.पी.टी. नावाचा तक्ता आला. यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. चावडीतील दप्तरास काही झाले तरी तालुक्याच्या ठिकाणची प्रत उपयोगी पडावी, तशी ही योजना आहे. या पद्धतीत बूटलोडर पहिल्या ५१२ बाइटांत कोंबलेला नसतो. त्यासाठी ई.एफ.आय. सिस्टीम नावाचा एक स्वतंत्र छोटा विभाग असतो. विंडोज स्वतः तो करते तेव्हा बहुधा १०० एमबीचा करते. यादीत हा चिमुकला विभाग पाहून 'हा कशाला ठेवायचा' म्हणून तो पुसणारे काही कमी नाहीत. तो गेला की संगणक सुरू होत नाही.

विंडोज बसविताना या दोन जोड्या एकमेकींत मिसळता येत नाहीत. यंत्र यूईएफआय पद्धतीने सुरू केले असेल तर तक्ता जी.पी.टी.च हवा; जुन्या पद्धतीने सुरू केले असेल तर एम.बी.आर.च हवा. बहुसंख्य अडचणी एवढ्या एका विसंगतीतून निघतात.

पुसण्यापूर्वी थांबा

असे समजू या की शिराळा तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत पेनड्राइव्हवरून विंडोज बसविण्याचे काम चालू आहे. विभागांची यादी पडद्यावर आली, विभाग निवडला, आणि 'या डिस्कचा तक्ता जी.पी.टी. प्रकारचा आहे, येथे विंडोज बसविता येणार नाही' अशा अर्थाचा संदेश आला. पुढे जाण्याचे बटण निष्प्रभ. येथेच विभाग एकामागून एक पुसले जातात, कारण सारे पुसले की संदेश नाहीसा होतो आणि बटण जागे होते. उपाय फळाला आला असे वाटते. डी ड्राइव्ह गेलेला असतो.

वास्तविक डिस्कला काहीच झालेले नव्हते. पेनड्राइव्ह तेवढा जुन्या पद्धतीने सुरू झाला होता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बूट-मेनू उघडावा. डेल व लेनोव्होच्या अनेक यंत्रांत त्यासाठी एफ-१२, एचपीच्या यंत्रांत एफ-९ ही कळ असते. त्या यादीत एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो आणि एका नावामागे यूईएफआय असे लिहिलेले असते. ते नाव निवडले की तोच विभाग, त्याच डिस्कवर, विनातक्रार स्वीकारला जातो.

उलट प्रसंगही येतो. डिस्क जुनी एम.बी.आर. पद्धतीची आणि पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला. येथे विंडोज १० बसवावयाची असेल तर जुन्या पद्धतीने सुरू करणे पुरते. विंडोज ११ साठी मात्र तक्ता बदलणे भाग आहे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एम.बी.आर.टू.जी.पी.टी. नावाचे साधन मिळते आणि ते माहिती न पुसता तक्त्याचे रूपांतर करते. मात्र त्याची अट अशी की मूळ विभाग तीनपेक्षा अधिक नसावेत आणि विस्तारित विभाग मुळीच नसावा. आपल्याकडील जुन्या यंत्रांत डी व ई ड्राइव्ह बहुधा विस्तारित विभागाच्या पोटातच काढलेले असतात. अशा वेळी साधन नकार देते आणि तो नकार योग्यच असतो. तेथे माहिती बाहेर काढून घेतल्याखेरीज दुसरा निर्धोक मार्ग नाही.

'डिस्कपार्ट' या आज्ञावलीतील 'क्लीन' हा शब्द अनेक मार्गदर्शक चित्रफितींत सहज उच्चारला जातो. तो एका विभागापुरता नसून निवडलेल्या संपूर्ण डिस्कचा तक्ता पुसतो. दोन डिस्क असलेल्या यंत्रात क्रमांक चुकला तर भलतीच डिस्क रिकामी होते. काम करण्यापूर्वी दुसऱ्या डिस्कची तार काढून ठेवणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.

यंत्र कोठे थांबले?

अडलेल्या संगणकाचे निदान करताना पहिला प्रश्न असा असावा की, तो कोणत्या पायरीवर थांबला. उत्पादकाचे चिन्हच उमटत नसेल तर दोष विभागणीचा नव्हे. स्मृतीची पट्टी, वीजपुरवठा किंवा पडद्याची तार पाहावी. चिन्ह उमटून नंतर 'सुरू करण्याजोगे साधन नाही' असा संदेश येत असेल तर प्रथम यंत्राला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढावा. हास्यास्पद वाटले तरी कित्येक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. त्यानंतर एफ-२ अथवा डिलीट कळ दाबून यंत्राच्या मांडणीच्या पडद्यावर जावे आणि डिस्कचे नाव तेथे दिसते काय ते पाहावे. नाव नसेल तर तार सैल आहे किंवा डिस्क निकामी झाली आहे. नाव असेल तर बूट-पद्धत व बूट-क्रम तपासावा.

येथे सांगली-साताऱ्याच्या दृष्टीने एक बारीकशी वस्तू महत्त्वाची ठरते. मुख्य पटलावर सी.आर. २०३२ या क्रमांकाची, रुपयाच्या नाण्यासारखी, तीन व्होल्टची बॅटरी असते. वीज नसताना यंत्राची तारीख व मांडणी तीच जपते. उन्हाळी सुटीत महिना-दीड महिना बंद राहिलेल्या शाळेत किंवा पाटण-जावलीच्या पावसात वीज वारंवार जाणाऱ्या कार्यालयात, ती बॅटरी क्षीण झाली असेल तर मांडणी मूळपदावर जाते; काल यूईएफआय असलेले यंत्र आज जुन्या पद्धतीने सुरू होऊ पाहते, किंवा उलट. डिस्क जशीच्या तशी असते आणि संगणक मात्र 'साधन नाही' म्हणतो. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली तर बॅटरीचाच संशय घ्यावा. ती बदलून बूट-पद्धत पूर्ववत केली म्हणजे काम संपते.

विंडोजचे चिन्ह येऊन मग निळा पडदा दिसत असेल आणि तो बूट-साधन उघडता येत नाही असे सांगत असेल, तर कोणीतरी डिस्क-जोडणीची पद्धत बदलली असण्याचा संभव असतो. लिनक्सच्या बसवणीत काही नव्या यंत्रांची डिस्क यादीत दिसतच नाही, म्हणून ही पद्धत 'ए.एच.सी.आय.' करण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. परंतु पूर्वीची विंडोज राखावयाची असेल तर बदल करताना ती एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावी लागते, हा उत्तरार्ध सांगावयाचा राहतो. बदल परत फिरविला की विंडोज पुन्हा सुरू होते.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरे आली तर समजावे की लिनक्सचा बूटलोडर जागा झाला, पण त्याच्या फाइलींचा विभाग त्यास सापडला नाही. बहुधा विंडोजमधून कोणी 'रिकामा' समजून तो विभाग पुसलेला असतो. यूईएफआय यंत्रात बूट-मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडले तर विंडोज तत्काळ सुरू होते. विंडोजचा स्वतःचा बूटलोडर बिघडला असल्यास, बसवणीच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' व त्यातील 'स्टार्टअप रिपेअर' हा मार्ग घ्यावा. तो कोणताही विभाग पुसत नाही, म्हणून प्रथम तोच करून पाहावा.

दोन कार्यप्रणाली एकाच यंत्रात

संगणक-शिक्षण देणाऱ्या शाळांना हा मार्ग विशेष उपयोगी आहे. केरळने आपल्या शासकीय शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त कार्यप्रणालीवर आणले आहे. आपल्या देशात सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे आणि तीत भारतीय भाषांची सोय आहे. जुन्या यंत्रांवर ती किंवा तत्सम प्रणाली चालू शकते. ग्रामपंचायतीच्या यंत्राबाबत मात्र घाई करू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, छपाईयंत्र आणि शासकीय संकेतस्थळे नव्या प्रणालीवर चालतात की नाही हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज विंडोज काढून टाकणे धाडसाचे ठरेल.

क्रम असा असावा: विंडोज आधी, लिनक्स नंतर. जागा मोकळी करणे ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून, कारण आपल्या विभागाची हद्द कोठवर मागे घेता येईल हे तिला ठाऊक असते. विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय बंद करावी; ती चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्सला तिचे विभाग केवळ वाचता येतात. लिनक्स बसविताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय ठळकपणे पुढे येतो. तो टाळून मोकळी केलेली जागाच निवडावी. हद्द मागे घेण्याचे काम अर्धवट असताना वीज गेली तर मात्र माहितीस खरोखर धोका पोहोचतो. यू.पी.एस. नसेल तर हे काम करूच नये.

सावधपणे काम करूनही बाहेरून अडचण येऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर जगभर अनेक दुहेरी प्रणालींच्या यंत्रांत लिनक्स सुरू होईना. माहिती कोणाची गेली नव्हती; अडला होता तो बूटलोडर.

नवीन विंडोज ११ यंत्रांबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. त्यांतील डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकरने सांकेतिक केलेली असते. विभाग वा बूट-पद्धत बदलली की यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते ते खाते बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे वा दुकानदाराचे असेल तर अख्खे दप्तर कुलपात राहील. काम सुरू करण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

माहिती बाहेर कशी काढावी

यंत्र सुरू होत नसले तरी माहिती काढता येते. लिनक्सचा पेनड्राइव्ह न बसविता केवळ 'करून पाहा' या पर्यायाने चालविता येतो. तो डिस्कवर काहीच लिहीत नाही. त्यातून डी ड्राइव्ह उघडून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. केंद्रशाळेत असा एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार असला तर केंद्रातील सर्व शाळांचे काम भागेल.

सी ड्राइव्हमध्ये केवळ विंडोज असते, हा समज सोडून द्यावा. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सी ड्राइव्हमध्ये असते. आणखी एक फसगत मराठी अक्षरांची आहे. श्रीलिपी, आय.एस.एम. अशा जुन्या पद्धतींनी टंकलिखित केलेली इतिवृत्ते नव्या विंडोजवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. फाइल ठीक असते, नाहीसा झालेला असतो तो फाँट. म्हणून जुन्या यंत्रातील फाँटही आधी उतरवून घ्यावेत.

विभाग चुकून पुसला गेलाच तर त्याच क्षणी हात आवरावा. नवीन काही बसवू नये, काही साठवू नये. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील विभाग टेस्टडिस्क या विनामूल्य साधनाने पुष्कळदा सापडतात, कारण गेलेली असते ती केवळ नोंद. एस.एस.डी.चे तसे नाही. पुसलेली जागा ती स्वतःच लवकर रिकामी करते, म्हणून तेथे आशा कमी.

उतरवून घेतलेली प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्न कृष्णाकाठच्या गावांत निराळा विचार मागतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांतील काठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा संगणक व त्याच्या शेजारच्या कपाटातील प्रत या दोहोंची गत एकच होण्याचा प्रसंग होता. दुसरी प्रत पंचायत समितीकडे किंवा गावातील उंचावरच्या शाळेत ठेवावी आणि जडवस्तू नोंदवहीत संगणकाच्या नोंदीखाली एक ओळ वाढवावी: डिस्कचा तक्ता जी.पी.टी. की एम.बी.आर., बूट-पद्धत कोणती, विभाग किती व प्रत्येकाचा आकार, किल्लीचा कागद कोणत्या कपाटात, शेवटची प्रत कोणत्या तारखेची. दुरुस्तीस तंत्रज्ञ आला म्हणजे यंत्राची कळ दाबण्यापूर्वी त्यास ही ओळ वाचावयास द्यावी.